पत्र्याआडची रेल्वे

इंदूरला लोकमान्यनगरच्या बाजूला ज्यांची घरं रुळांना लागून आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितोय. मीटरगेज होती तोवर निभत होतं. ब्रॉडगेजवर लांब, जड गाड्या धावू लागल्या आणि रात्रीची झोप मोडू लागली.

आमच्या सोसायटीने वर्गणी काढून कंपाउंडच्या भिंतीवर पत्रे चढवले. ‘आवाज निम्मा होईल,’ असं ठेकेदार छातीठोकपणे सांगून गेला. तळमजल्यावरच्या काकूंना थोडा फरक जाणवला. दुसऱ्या मजल्यावर आम्हाला काडीचा नाही. उलट गाडी गेली की पत्रेच थडथडायचे.

आवाज जिथून निघतो ती जागा आणि तुमचा कान यांच्यामधली सरळ रेषा भिंतीने तोडावी लागते. ती जेमतेम तुटली तर साधारण ५ डेसिबल कमी होतात, आणि आवाज निम्मा वाटायला १० लागतात. खिडकीतून रूळ दिसत असतील, तर भिंत असून नसल्यासारखी. चाकांची घरघर खालून येते, ती थोडीफार अडते. इंजिनाचा हॉर्न वरून सरळ घरात शिरतो.

वजनाचंही तसंच. अर्ध्या मिलिमीटरचा पत्रा चौरस मीटरला जेमतेम ४ किलो भरतो. आवाज अडवायला निदान १०, शक्यतो २० किलो हवेत. विटांची भिंत त्याच्या कितीतरी पुढे. पण खाली फट राहिली किंवा मध्ये जाळीचं फाटक आलं, की तीही वाया.

आपल्याच मध्य प्रदेशात, पेंचच्या जंगलातून जाणाऱ्या सिवनी–नागपूर महामार्गावर जनावरांसाठी सुमारे ४ मीटर उंच पोलादी आवाजरोधक अडसर आहेत. वाघ दुसऱ्या मजल्यावर राहत नाही, म्हणून तिथे ती उंची पुरते!

अशोकाची रांग लावा म्हणणारेही भेटतील. जरूर लावा, सावली मिळेल. आवाज ५ डेसिबलने उतरायला तीसेक मीटर रुंदीची दाट झाडी लागते. वरच्या मजल्यांनी पत्र्यांचा पैसा खिडक्यांत घालावा: जाड दुहेरी काच आणि चौकटीच्या फटी नीट बुजवलेल्या.

सन २०००च्या नियमांप्रमाणे निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ मर्यादा ४५ डेसिबल आहे. काम देण्याआधी सगळ्यात वरच्या मजल्यावर रात्रीचं मोजमाप करून घ्या, किती डेसिबल उतरतील ते ठेकेदाराकडून लेखी घ्या, आणि काम झाल्यावर पुन्हा मोजल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका.