पितळ उघडं कधी पडतं?

प्रश्न : जुन्या वेस्टर्न चित्रपटांत घोडेस्वार रायफलीखालची कडी खाली-वर करत धडाधड गोळ्या झाडतो. अशा रायफलींच्या रिकाम्या पुंगळ्या अमेरिकेतले हौशी लोक पुन्हा मापात आणून भरतात म्हणे. बाराने फुगलेलं पितळ परत मापात येतं कसं? आणि असं किती वेळा करता येतं?
– एक वाचक, वर्तकनगर, ठाणे

उत्तर : ऐकलंत ते खरं आहे. याचं उत्तर बंदुकीइतकंच पुण्याच्या तांबट आळीतही सापडतं.

पुंगळीच्या पितळात साधारण ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त असतं. बार उडाला की आतला दाब मोटारीच्या टायरमधल्या हवेच्या हजारपटीहून वर जातो. पुंगळी फुगून नळीच्या मागच्या चेंबरला घट्ट चिकटते आणि वायू मागे येऊ देत नाही. दाब उतरला की पितळ अंग चोरतं, म्हणून ती बाहेर काढता येते. पण पुरतं नाही. मूळ मापापेक्षा केसभर मोठीच राहते. मग तिला वंगण लावून पोलादी डायमध्ये दाबतात आणि मापात आणतात.

कडीच्या रायफलीत हे काम जास्त काटेकोरपणे करावं लागतं. जॉन ब्राउनिंगने आखलेली १८९४ ची विंचेस्टर घ्या. तिचा बोल्ट मागच्या बाजूला अडकतो. त्यामुळे बाराच्या क्षणी रायफलीचा सांगाडा किंचित ताणला जातो आणि त्याबरोबर पुंगळीही लांबते. शिवाय जाडसर पुंगळी रेटून आत बसवण्याइतका जोर कडीत नसतो. म्हणून नुसता गळा दाबून भागत नाही, पुंगळी अंगभर मापात आणावी लागते.

आता ‘किती वेळा’. फुगणं आणि दाबणं, या प्रत्येक फेरीत पितळ कडक होत जातं. कडक झालेलं पितळ वाकत नाही, तडकतं, आणि बहुधा गळ्याशी. तांबटाला हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. ठोकून पत्रा ताठरला की तो भट्टीत तापवून मऊ करतो, पुन्हा ठोकतो. शेवटचं मठारकाम मात्र मुद्दाम तसंच ठेवतो, कारण त्या ठोक्यांनीच हंड्याला बळकटी येते. काडतुसांच्या कारखान्यातही रीत हीच. पितळाच्या चकतीची आधी वाटी करायची, ती ओढत ओढत लांब करायची आणि मधूनमधून तापवून मऊ करायची. पुन्हा भरणारेही फक्त गळा तापवतात. बूड मऊ झालं तर दाब पेलणार नाही, आणि नेम धरणाऱ्याचा चेहरा तिथून वीतभरावर असतो. त्यामुळे ठरलेला आकडा नाही. गळ्याला चीर गेली किंवा बुडाच्या वर चकचकीत कडं उमटलं, की त्या पुंगळीचं आयुष्य संपलं.

पितळाच्या तडकण्याचा एक धडा जगाला आपल्याच पावसाळ्याने दिला. ब्रिटिश फौजेची काडतुसं हिंदुस्थानात तबेल्यांत साठवली जात. पावसाळ्यात, एकही बार न उडता, त्यांना चिरा पडू लागल्या. या तडकण्याला इंग्रजांनी मोसमाचंच नाव दिलं; जणू दोष ऋतूचा! खरा गुन्हेगार होता घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया. ओढकामात पितळाच्या अंगात ताण दडून राहतो. दमट हवेत अमोनिया लागला की तोच ताण चीर बनून बाहेर येतो. मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी १९२१ साली याचा उलगडा केला. उपायही तांबटाचाच निघाला : बेताने तापवा आणि ताण घालवा. माणसासारखं पितळाचंही : आतला ताण कोंडला, तर कधीतरी ‘पितळ उघडं पडतं’. घरातली समई किंवा तांब्याही अमोनिया असलेल्या सफाईच्या द्रवाने घासू नका; चिंच किंवा लिंबू बरं.

राहिला प्रश्न आपल्याकडचा. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार दारूगोळा बनवायला परवाना लागतो आणि दारूगोळ्याचे भाग व तो बनवायची यंत्रंही ‘दारूगोळा’ या व्याख्येत बसतात. म्हणजे अमेरिकेतला हा रविवारचा छंद वर्तकनगरच्या गॅलरीत थेट गुन्हा ठरेल. आपल्याकडे काडतुसं बनवायचं काम खडकीच्या १८६९ सालच्या कारखान्यासारख्या ठिकाणी चालतं, आणि तिथेच शोभतं.

आजोबांच्या ट्रंकेत जुनं काडतूस सापडलं, तर ते ठोकू नका, तापवू नका, भंगारात तर मुळीच घालू नका. आहे तिथेच राहू द्या आणि जवळच्या पोलीस ठाण्यात कळवा.