शब्द कुणाचा, तेवढं विचार

अगं, तुझ्या तोंडी सारखं ‘स्ले’, ‘रिझ’ ऐकून आई वैतागते. मी नाही वैतागत. या वयात नवे शब्द जिभेवर खेळायलाच हवेत. पण जरा जवळ बस, मनातलं सांगते.

‘ऑन फ्लीक’ हा शब्द तुझ्या आधीच्या मुलींचा. 2014 च्या जूनमध्ये शिकागोकडच्या केयला न्यूमन या सोळा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलीनं भुवया कोरून घेतल्या आणि गाडीत बसल्या बसल्या खुशीत म्हणाली, भुवया अगदी ‘ऑन फ्लीक’, म्हणजे झक्कास! तो व्हिडिओ तिनं वाइन या ॲपवर टाकला. तिथे सहा सेकंदांचे व्हिडिओ असायचे, संपले की आपोआप परत सुरू व्हायचे, त्यामुळे शब्द कानात बसायचाच. मग लोकांनी नकला केल्या, आरियाना ग्रांदेनं तो गुणगुणला, आणि काही महिन्यांतच आयहॉप या अमेरिकन हॉटेलसाखळीनं ट्विटरवर आपल्या पॅनकेकना तेच विशेषण लावलं. केयलाच्या हातात यातला पैसा आला नाही. 2017 मध्ये स्वतःचा सौंदर्यप्रसाधनांचा धंदा उभा करायला तिनं ऑनलाइन वर्गणी मागितली. एखाद्या शब्दावर कॉपीराइट मिळत नाही, कळतं मला. तरी राग येतोच.

तुझा लाडका ‘स्ले’, म्हणजे कमाल करणं, न्यूयॉर्कमधल्या कृष्णवर्णीय आणि लॅटिनो समलिंगी, ट्रान्स लोकांच्या ‘बॉल’ नावाच्या नटण्या-मिरवण्याच्या स्पर्धांतून पसरला. घरच्यांनी हाकललेली कितीतरी पोरं तिथे नटूनथटून मिरवायची आणि मनापासूनची दाद मिळवायची. तू पाहतेस त्या रील्समध्ये ती माणसं कुठे दिसतात का, सांग बरं?

आता जरा काळजीचं. ‘लुक्समॅक्सिंग’ (रूप खुलवण्याचा ध्यास), ‘मॉगिंग’ (रूपात दुसऱ्यावर मात) हे शब्द तुमच्या ग्रुपवर गमतीनं फिरतात ना? ते पसरले बायकांचा द्वेष करणाऱ्या, स्वतःला ‘इन्सेल’ (इच्छा असूनही जोडीदार न मिळालेले) म्हणवणाऱ्या पुरुषांच्या ऑनलाइन अड्ड्यांवरून. तिथे जबडा, डोळे, उंची पाहून माणसाला गुण देतात. खुद्द ‘इन्सेल’चं मूळ मात्र प्रेमळ होतं. 1990 च्या दशकात कॅनडातल्या एका तरुणीनं एकट्या पडलेल्या बायका-पुरुषांसाठी वेबसाइट काढली, त्यातून तो आला. पुढे तो भलत्यांच्या हाती गेला.

म्हणून म्हणते, नवा शब्द आवडला की तो आधी कुणी म्हटला ते शोध. दर वेळी सापडेलच असं नाही, पण सापडलं तर मैत्रिणींना मूळ व्हिडिओ पाठव, नक्कल करणाऱ्याचा नको. आणि चेहऱ्याला गुण देणारे शब्द कुणासाठीच वापरू नकोस, आरशात बघताना स्वतःसाठी तर मुळीच नको. कुणी तुला तसं काही बोललं आणि मनाला लागलं, तर कितीही रात्र झालेली असो, मला फोन कर.