भंगारातील टायर घ्या, पण पारखून!

आमच्या वाचकांपैकी पुष्कळ जण टॅक्सी, टेम्पो किंवा जुनी मोटार चालवून घरसंसार चालवितात. नवे टायर घेण्याची वेळ आली की त्यांचे पाय साहजिकच भंगार बाजाराकडे वळतात. मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडसारख्या ठिकाणी जुन्या गाड्यांचे सुटे भाग मिळतात. मोडीत निघालेल्या गाडीचे टायर कधीकधी खरोखर चांगले असतात. तेव्हा असे टायर घेऊच नयेत, असे आम्ही म्हणणार नाही. मात्र ते कसे घ्यावेत, हे शिकून घेतले पाहिजे.

आमच्या परिचयातील एका टॅक्सीचालक तरुणाने अपघातग्रस्त गाडीची स्टेपनी स्वस्तात घेतली. नक्षी पूर्ण, रबर काळेभोर, जणू कोरा माल! काही महिन्यांनी कसारा घाटात तोच टायर फुटला. गाडीत बायको-मुले होती. जीव वाचले, हे नशीब. नंतर आम्ही टायर पाहिला, तर तो अकरा वर्षांचा निघाला. डिकीत पडून होता म्हणून घासला नव्हता इतकेच. न वापरताही रबर म्हातारे होते, हा या प्रसंगाचा धडा.

म्हणून पहिली गोष्ट म्हणजे टायरचे वय पाहावे. टायरच्या बाजूवर ‘डीओटी’ या अक्षरांनी सुरू होणारी ओळ असते. तिच्या शेवटी चार आकडे असतात. 2319 असे असेल तर तो टायर 2019 सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला. तीनच आकडे असतील तर तो 2000 सालापूर्वीचा, त्याला हातही लावू नये. कित्येक टायरवर हे आकडे एकाच बाजूस असतात, म्हणून टायर उलटून पाहावा. टायर दहा वर्षांचा झाला की नक्षी शिल्लक असली तरी तो बदलावा, असे अनेक कंपन्या सांगतात. आमच्या मते जुना टायर घेताना पाच वर्षांची मर्यादा पाळावी.

दुसरी गोष्ट नक्षीची. नक्षीच्या खाचांत तळाशी आडव्या उंच पट्ट्या असतात. मोटारीच्या टायरमध्ये त्यांची उंची 1.6 मिलिमीटर असते. नक्षी त्या पट्ट्यांना टेकली की टायर संपला. पावसाळ्यात असा टायर पाणी बाजूला सारू शकत नाही व गाडी घसरते. काही ठिकाणी गुळगुळीत टायरवर खाचा नव्याने कोरून वर काळे पॉलिश मारतात. खाचा कमीजास्त खोल दिसल्या किंवा तळाशी धागे दिसले, तर समजून जावे.

तिसरी गोष्ट अंगाची तपासणी. बाजूला फुगा, चीर किंवा बारीक तडे असल्यास टायर नाकारावा. आत हात फिरवून पॅच व सुरकुत्या पाहाव्यात. कडेची तार उघडी पडलेली नसावी. तेलात पडलेले रबर मऊ होऊन फुगते, तेही टाळावे. शक्य असेल तर टायर ज्या गाडीचा आहे ती गाडीच पाहावी. ज्या कोपऱ्याला धडक बसली, तेथील टायर आतून दुखावलेला असू शकतो. दुसऱ्या टोकाचा अधिक भरवशाचा.

आता हिशेब. समजा, नवा टायर 3200 रुपयांना असून त्याची नक्षी 8 मिलिमीटर आहे. 1.6 वजा केल्यास वापरायला 6.4 मिलिमीटर मिळते, म्हणजे मिलिमीटरला 500 रुपये. जुना टायर 1200 रुपयांना व नक्षी 4 मिलिमीटर असेल, तर वापरायला 2.4 मिलिमीटर उरते. दर तोच, 500 रुपये! शिवाय बसविण्याचा व बॅलन्सिंगचा खर्च दोनदा. मग स्वस्त काय झाले? हाच टायर 600 रुपयांना मिळाला, तर दर 250 रुपये पडेल. घासाघीस करताना हे गणित मनात ठेवावे. नक्षी मोजण्याचे छोटे साधन बाजारात मिळते, ते खिशात असावे.

माप गाडीचेच घ्यावे. 145/80 आर 12 74 टी असे लिहिले असेल, तर 74 हा भाराचा आकडा आहे. त्याचा अर्थ एका टायरवर 375 किलो. यापेक्षा कमी भाराचा टायर घेऊ नये. एका धुरेवर दोन्ही टायर एकाच मापाचे व जातीचे असावेत.

शेवटी, पावती घ्यावी. चोरीचा माल जाणूनबुजून घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 317 प्रमाणे गुन्हा आहे. 2021 च्या नियमांनुसार गाड्या मोडीत काढणारी नोंदणीकृत केंद्रे असतात. माल तेथून आला आहे का, हे दुकानदाराला विचारावे. जो उत्तर टाळतो, त्याच्याकडून माल घेऊ नये.

या धंद्यात उतरू पाहणाऱ्या तरुणांनाही आमचे सांगणे आहे की, टायरचे वय व दोष गिऱ्हाइकाला आधीच सांगावेत. एक टायर कमी विकला जाईल, पण तेच गिऱ्हाईक दुसऱ्यांना घेऊन येईल. आपण जे विकतो त्यावर कुणाची तरी मुले प्रवास करीत असतात, याचा विसर पडू नये.