आधी तोंडात, मग वहीत

लातूर जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात मी बावीस वर्षं मराठी शिकवलं. त्यातली बरीच वर्षं बी.ए.च्या वर्गाला राम गणेश गडकऱ्यांचं ‘एकच प्याला’ हे नाटक होतं. पहिला अंक संपेपर्यंत निम्मी मुलं गाइडकडे वळलेली असायची. त्यांना दोष देत बसण्यात माझी काही वर्षं वाया गेली. नंतर जे उमगलं ते सांगतो.

१. शब्दार्थ आधी देऊ नयेत. मी फळा भरून अर्थ द्यायचो, मुलं ते पाठ करायची. वकिलीची सनद रद्द झाल्यावर नायक सुधाकर बाटलीकडे का वळला, असं विचारलं की वर्ग गप्प. एके वर्षी माझा घसा बसला, म्हणून मुलांनाच मोठ्याने वाचायला लावलं. दोन दिवस नुसतं अडखळणं चाललं. तिसऱ्या दिवशी एका मुलाने एक लांबलचक वाक्य तीन दमांत वाचलं आणि मागच्या बाकापर्यंत सगळ्यांना ते कळलं. एकाही शब्दाचा अर्थ मी सांगितला नव्हता. १९१९ साली हे नाटक रंगभूमीवर आलं तेव्हा ध्वनिक्षेपक नव्हता, नटाला आपल्या छातीच्या बळावर शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचं होतं. त्यातला अनुप्रास, जोडीजोडीने येणारे शब्द कानासाठी आहेत. गडकरी त्याच वर्षीच्या जानेवारीत गेले, प्रयोग त्यांना पाहायला मिळाला नाही. हे सांगताना मला अजून वाईट वाटतं.

२. आधी क्रियापद शोधायचं. मराठीत ते शेवटी येतं आणि गडकरी त्याला फार वाट पाहायला लावतात. क्रियापदावर बोट, मग कर्ता कोण ते विचारायचं. मधला पसारा आपोआप जागेवर बसतो.

३. ग्रंथालयातल्या जुन्या प्रतीत ‘कांहीं’, ‘घरांत’, ‘नाहीं’ असे अनुस्वार पाहून मुलं बिचकतात, प्रत्येक टिंबाचा नाकातून उच्चार करतात. १९६२च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी ते अनुस्वार गेले, एवढं पहिल्याच तासाला सांगून टाकावं.

४. भाषा जड का, हा प्रश्न मुलांनाच पडू द्यावा. नाटकातल्या दारुड्या तळीरामाचा प्रवेश चालू असताना एकाने विचारलं, “सर, हा दारू प्यायलाय, तर इतकं शुद्ध कसं बोलायलाय?” नेमका हाच प्रश्न मला वर्षानुवर्षं हवा होता. दारुड्यांची ही टोळी स्वतःला ‘आर्यमदिरामंडळ’ म्हणवते आणि त्या काळच्या सभा-संस्थांच्या थाटात दारूची बाजू मांडते. शब्द उंची, माल हलका. शब्द सोपे केले तर प्रवेशच मरतो. मी मुलांना म्हटलं, हेच भाषण गावच्या बोलीत करून दाखवा. एकाने ते थेट ग्रामसभेत नेलं. मग मूळ पान पुन्हा उघडलं तेव्हा गाइड कोणीच बाहेर काढलं नाही.

५. आपल्या हातात असेल तर आधी देवलांची ‘शारदा’ ही नाटिका नव्हे, पूर्ण नाटकच वाचावं. ती १८९९ची, म्हणजे वीस वर्षांनी जुनी, पण तिचं बोलणं घरातलं आहे. जुनं म्हणजे कठीण ही भीती तिथेच मोडते. अभ्यासक्रमात ती नसली तरी मी दोन तास तिला देत असे, आणि ते भरून निघत.

६. शब्द उलगडल्यावर खरी अडचण समोर येते. सुधाकरची बायको सिंधू दळण दळून पोट भरते, भाऊ न्यायला येतो तरी नवऱ्याला सोडून जात नाही. पुढच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “सर, शब्द सगळे कळाले. पण ही गप का बसायलीय?” मी पातिव्रत्याची कल्पना, बाईला नसलेला आधार, त्या वेळची घरं, सगळं सांगितलं. ते खोटं नव्हतं, पण तिच्या प्रश्नाला पुरलं नाही. अखेर म्हटलं, “बाळ, आता सिंधू तूच वाच.” सिंधू रडवेल्या आवाजात वाचायची, अशी आमच्याकडे रीतच पडली होती. हिने दात आवळून वाचली. वाक्यं तीच होती. तास संपल्याची घंटा झाली, बाहेर गलका सुरू झाला, तरी ती प्रवेश पुरा करूनच खाली बसली.