दूरच्या उपचाराला निघण्यापूर्वी

मूल स्वमग्न आहे असं निदान झालं की आठवडाभरातच घरी सल्ल्यांची रीघ लागते. मावशी म्हणते, केरळला न्या, तिथल्या तेलांनी गुण येतो. शेजारी स्टेम सेलवाल्या दवाखान्याचा नंबर देतात. आत्या गाणगापूरची वारी सुचवते, कुणी दर पुष्य नक्षत्राला सुवर्णप्राशन करायला सांगतं, कुणी गहू आणि दूध बंद करा म्हणतं. मग आईवडील मला विचारतात, "डॉक्टर, एकदा नेऊन बघू का? नुकसान तर काही नाही ना?"

हा प्रश्न मला अगदी रास्त वाटतो. आपल्याकडून मुलासाठी काही करायचं राहून जाऊ नये, ही तळमळ त्यामागे असते. पण त्याला एकच उत्तर नाही. काही उपायांनी मुलाला नुसता विरंगुळा मिळतो, काहींनी घर कर्जबाजारी होतं आणि काही उपाय जिवावर बेततात. म्हणून ते नीट निवडून पाहायला हवेत.

मुळात स्वमग्नता म्हणजे मेंदूच्या जडणघडणीतला, जन्मापासूनचा वेगळेपणा. आईनं नोकरी केली म्हणून किंवा लस दिली म्हणून ती होत नाही. लशीचा संबंध जोडणारा १९९८ चा शोधनिबंध 'लॅन्सेट' या नियतकालिकानं २०१० मध्ये मागे घेतला. स्वमग्नता मुळापासून घालवणारं औषध आज कोणत्याही पॅथीत नाही. फिट्स, झोप न लागणं, बद्धकोष्ठता, अति चंचलता यांवर मात्र उपचार आहेत आणि ते जरूर घ्यावेत. मूल शिकतही राहतं, कुणी झपाट्यानं, कुणी सावकाश. त्यामुळे "सहा महिन्यांत बरा करून देतो" असं कुणी छातीठोकपणे सांगितलं, तर तिथून उठून यावं.

"पण अमक्याच्या मुलाला फरक पडला," असं पालक सांगतात. ते खोटं बोलत नसतात. १९९८ मध्ये अमेरिकेत तीन मुलांवरचा एक छोटा अहवाल आला. सिक्रेटिन हे पचनाशी निगडित संप्रेरक शिरेतून दिल्यावर ती मुलं नजरेला नजर देऊ लागली, बोलू लागली, असं त्यात होतं. असंख्य आईवडील त्या इंजेक्शनच्या मागे धावले. १९९९ च्या डिसेंबरमध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये त्याची रीतसर चाचणी प्रसिद्ध झाली. निम्म्या मुलांना सिक्रेटिन दिलं होतं, निम्म्यांना नुसतं सलाइनचं पाणी. कुणाला काय मिळालं हे पालकांना ठाऊक नव्हतं. सुधारणा दोन्ही गटांत जवळपास सारखीच दिसली. निकाल कळल्यावरही बहुतेक पालकांना ते औषध हवंच होतं. मूल आपल्या गतीनं वाढतच असतं, आपणही त्या दिवसांत त्याच्याकडे जास्त बारकाईनं पाहतो, आणि श्रेय इंजेक्शनला जातं.

जिथे मुलाला नेऊच नये

चिलेशन : शरीरातला पारा, शिसं बाहेर काढतो म्हणून हा उपचार स्वमग्न मुलांना दिला जातो. ऑगस्ट २००५ मध्ये इंग्लंडहून उपचारासाठी अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात नेलेला पाच वर्षांचा एक मुलगा चिलेशनच्या इंजेक्शननं दगावला. रक्तातलं कॅल्शियम एकाएकी घसरलं आणि हृदय बंद पडलं. शिशासारख्या धातूची विषबाधा तपासणीत सिद्ध झाली असेल तर चिलेशन करतात, तेही डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

स्टेम सेल : मुलाला भूल देऊन कमरेच्या हाडातून मज्जा काढतात आणि तिच्यातल्या पेशी पाठीच्या कण्यातून आत सोडतात. खर्च लाखांच्या घरात जातो. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार स्वमग्नतेसाठी हा नेहमीचा उपचार म्हणून देता येत नाही. मंजूर संशोधनातच त्याला जागा आहे, आणि अशा संशोधनात पालकांकडून उपचाराचे पैसे घ्यायचे नसतात. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या समितीनंही २०२२ मध्ये स्वमग्नतेसाठी स्टेम सेलची शिफारस करता येत नाही, असं स्पष्ट केलं. पैसे मागितले की ते संशोधन नव्हे, एवढं ध्यानात ठेवा.

दाबाखालचा ऑक्सिजन : बंद कक्षात मुलाला ठेवून दिल्या जाणाऱ्या या ऑक्सिजनचा स्वमग्नतेत फायदा सिद्ध झालेला नाही. कानाच्या पडद्याला इजा आणि आगीचा धोका मात्र खरा आहे.

भस्मं आणि लेबल नसलेल्या पुड्या : अमेरिकेतल्या बॉस्टन परिसरात विकल्या जाणाऱ्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांची तपासणी २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांतल्या १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. शिसं वाढत्या मेंदूला थेट मारक आहे. वैद्यांवर विश्वास असेल तर त्यांच्याकडून औषधाचं नाव, घटक आणि उत्पादक लिहून घ्या व तो कागद बालरोगतज्ज्ञांना दाखवा. सुवर्णप्राशनालाही हाच नियम लावा.

अघोरी उपाय : बाहेरची बाधा काढतो म्हणून मुलाला मारणं, साखळीनं बांधणं, मिरचीची धुरी देणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. घरातल्या वडीलधाऱ्यांचा आग्रह असला, तरी इथे आईवडिलांनी ठाम नकार द्यावा.

गहू-दूध बंद करण्याबद्दल दोन शब्द. या मुलांचं खाणं आधीच चार-पाच पदार्थांवर आलेलं असतं. त्यातून पोळी आणि दूध काढलं तर ताटात उरतं काय? सीलिएक आजार किंवा दुधाची ॲलर्जी असेल तरच ते बंद करावं, तेही आहारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली.

जिथे जायला हरकत नाही

मालिश, संगीत, पोहणं, योगासनं, घोडेस्वारी, देवदर्शन हे मुलाला आवडत असेल तर खुशाल करा. रूपर्ट आयझॅकसन हे लेखक आपल्या स्वमग्न मुलाला घेऊन घोड्यावरून मंगोलियातल्या शामानांकडे, म्हणजे तिथल्या पारंपरिक मांत्रिक-वैदूंकडे गेले. 'द हॉर्स बॉय' हे त्यांचं पुस्तक २००९ मध्ये आलं. परतल्यावर मुलाचं शी-शूचं आणि आकांताचं वागणं सुधारलं, तो इतर मुलांत मिसळू लागला, असं ते लिहितात. मुलगा स्वमग्न राहिलाच नाही, असा त्यांचा दावा नाही. एका कुटुंबाच्या अनुभवावरून मी कुणाला मंगोलियाला जा म्हणणार नाही. पण त्या प्रवासात वडील दिवसभर मुलासोबत होते, त्याला जे आवडतं त्यात रमले होते. यासाठी विमानाचं तिकीट लागत नाही.

मुलाच्या कलानं असं रमण्याचा उपयोग होतो का, याची चाचणी आपल्या शेजारी गोव्यात झाली आहे. गोवा आणि पाकिस्तानातलं रावळपिंडी इथल्या ६५ मुलांवरचा हा अभ्यास २०१६ मध्ये 'लॅन्सेट सायकियाट्री'त आला. तज्ज्ञ नसलेल्या, पण प्रशिक्षण घेतलेल्या कार्यकर्त्या सहा महिन्यांत बारा वेळा पालकांना भेटत. पालक मुलाशी खेळतानाचा व्हिडिओ दोघं मिळून पाहत आणि मूल कुठे प्रतिसाद देतं ते शोधत. या पालकांना मुलाच्या कलानं घेणं जमू लागलं आणि मुलांचं आपणहून संवाद सुरू करण्याचं प्रमाण वाढलं.

हे कसं करायचं? साबणाच्या फुग्यांची डबी घ्या आणि मुलासमोर जमिनीवर, त्याच्या नजरेच्या पातळीला बसा. एकदा फुंकर मारा. फुगे फुटले की थांबा. "बोल, फुगा बोल," असं म्हणू नका, गप्प राहा. मनात दहा आकडे मोजा. मूल डबीकडे पाहील, तुमचा हात ओढेल, कदाचित "फु" एवढंच म्हणेल. तेच त्याचं बोलणं. लगेच "फुगा!" म्हणा आणि पुन्हा फुंका. असा अर्धा तास रोज, फोन बाजूला ठेवून. सोबत स्पीच आणि ऑक्युपेशनल थेरपी चालू ठेवा. गावोगाव उपचार शोधण्यात या थेरपीचे महिनोन् महिने बुडतात, ते नुकसान बिलावर छापलेलं नसतं.

निघालातच तर

उपचारासाठी असो की कुलदेवतेसाठी, प्रवासाची तयारी मुलाच्या अंगानं करा. आधी आठवडाभर रोज फोटो दाखवा : ही गाडी, ही खोली, हे देऊळ. मुलाची नेहमीची गोधडी, ठरलेला खाऊ आणि कान झाकणारे हेडफोन बरोबर घ्या. फिट्सची गोळी एकही वेळ चुकवू नका. गोळ्या हातातल्या पिशवीत ठेवा. ही मुलं गर्दीतून नकळत निघून जातात, पाण्याची ओढही अनेकांना असते. घाटावर किंवा समुद्रावर एका मोठ्या माणसानं फक्त मुलावर लक्ष ठेवावं. त्याच्या खिशात नाव, तुमचा फोन नंबर आणि "मला बोलता येत नाही" अशी चिठ्ठी असू द्या.

आणि पैसे भरण्यापूर्वी तिथे चार प्रश्न विचारा : यानं नेमकं काय सुधारेल? ते तुम्ही कसं मोजणार? धोके कोणते? गुण आला नाही तर केव्हा थांबायचं? ही उत्तरं लेखी मिळत नसतील, तर तो उपचार घेऊ नका.

जवळ जे हक्काचं आहे, ते बहुतेकांच्या हातून राहून जातं. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ मध्ये स्वमग्नतेचा समावेश आहे. जिल्हा रुग्णालयातून दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी हे ओळखपत्र काढा. नॅशनल ट्रस्टच्या 'निरामय' योजनेत वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचं आरोग्य संरक्षण मिळतं आणि त्यात थेरपीचा खर्चही धरला आहे. जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात तपासणी आणि थेरपी मोफत असते.

शेवटी एक कळकळीची विनंती. दुसरीकडे उपचार सुरू केलात तर आपल्या डॉक्टरांपासून लपवू नका. रागावतील म्हणून पालक गप्प बसतात आणि दोन औषधं एकमेकांवर उलटली तर आम्हाला कारण कळत नाही. त्या पुड्या, त्या बाटल्या, ते कागद, सगळं घेऊन या. आपण मिळून बघू.