उपचारांची फाईल माळ्यावर टाकू नका

प्रांजल पाटील सहा वर्षांच्या असताना वर्गातल्या मुलाची पेन्सिल लागून त्यांचा एक डोळा गेला. वर्षभरात दुसऱ्याचीही नजर गेली. मूळच्या बोदवड तालुक्यातल्या कुटुंबातली ही मुलगी दादरच्या कमला मेहता अंधशाळेत शिकली, पुढे सेंट झेवियर्स आणि जेएनयूत गेली. २०१५ च्या केंद्रीय लोकसेवा परीक्षेत ७७३ वा क्रमांक येऊनही पूर्ण अंधत्वामुळे रेल्वेच्या लेखा सेवेने त्यांना नाकारलं. पुढच्या परीक्षेत १२४ वा क्रमांक मिळवून त्या आयएएस झाल्या.

गुणवत्ता होती, तरी गाडी अडली ती वैद्यकीय तपासणीपाशी. त्यामुळे आजारी किंवा दिव्यांग मुलाच्या कामाधंद्याचा विचार डॉक्टरांसोबत लवकर सुरू व्हायला हवा.

आजार बरा झाला की घरचे फाईल माळ्यावर टाकतात. लहानपणी कॅन्सर झालेल्यांना तीच फाईल पुढे लागते. अँथ्रासायक्लिन गटाच्या औषधांनी हृदय कित्येक वर्षांनंतरही कमकुवत होऊ शकतं, सिस्प्लॅटिनने ऐकू कमी येऊ शकतं. अंगमेहनतीचं काम धरण्याआधी हृदयाची इको तपासणी करावी की नाही, हे औषधाचं नाव आणि मात्रा पाहून ठरतं. मुंबईच्या टाटा रुग्णालयात उपचार संपलेल्या अशा मुलांसाठी १९९१ पासून स्वतंत्र क्लिनिक आहे.

खानदेशात सिकलसेल या रक्ताच्या आजाराचे रुग्णही आहेत. मे महिन्याच्या उन्हात, पाण्याविना राबल्यास त्यांना वेदनांचा झटका येऊ शकतो. काम सावलीतलं, पाणी हाताशी आणि मध्ये विसावा, एवढं मालकाशी आधीच बोलून घ्यावं.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत. दिव्यांगत्व किमान ४० टक्के असल्यास सरकारी नोकऱ्यांत ४ टक्के आरक्षण मिळतं. मात्र केवळ सिकलसेल, थॅलेसेमिया किंवा हिमोफिलिया असलेल्यांना त्यात जागा नाही. सरकारी व अनुदानित उच्च शिक्षणातल्या ५ टक्के जागा त्यांनाही खुल्या आहेत, म्हणून त्यांनी बारावीआधीच यूडीआयडी हे दिव्यांगांचं ओळखपत्र काढावं. लिहिण्यात अडचण असलेल्या पात्र विद्यार्थ्यांना परीक्षेत लेखनिक आणि तासाला किमान २० मिनिटं जादा वेळ मिळतो. जळगावात दीपस्तंभ फाउंडेशनच्या मनोबल प्रकल्पात दिव्यांग मुलं राहून स्पर्धा परीक्षांची तयारी करतात.

मूल दहावीत गेलं की पालकांनी फाईल घेऊन डॉक्टरांना तीन गोष्टी विचाराव्यात: कोणतं काम झेपेल, कोणतं टाळावं आणि कोणती तपासणी दरवर्षी करायची. उत्तरं लिहून, सही-शिक्क्यासह घ्यावीत. त्या वेळी मुलालाही सोबत न्यावं आणि पहिला प्रश्न त्यालाच विचारू द्यावा.