‘द वेव्ह’ आणि तिसरं बटण

पी.एल.मध्ये अभ्यास सोडून बाकी सगळं वाचून होतं. तसंच एका रात्रीत ‘द वेव्ह’ वाचून संपलं. टॉड स्ट्रासर यांनी मॉर्टन ऱ्हू या टोपणनावाने लिहिलेली ही कुमारवयीन वाचकांसाठीची कादंबरी १९८१ सालची. तिच्या मुळाशी खरी घटना आहे : १९६७ साली कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टो इथे, कबर्ली हायस्कूलमध्ये रॉन जोन्स या इतिहासाच्या शिक्षकांनी आपल्याच वर्गावर एक प्रयोग केला. पाचव्या दिवशी तो बंद करावा लागला.

कादंबरीत छळछावण्यांची फिल्म बघून मुलं विचारतात, बाकीचे जर्मन गप्प कसे बसले? बेन रॉस सरांना उत्तर देता येत नाही. दुसऱ्या दिवशी ते एवढंच सांगतात : ताठ बसा, बाकाशेजारी उभं राहून उत्तर द्या, आधी ‘मिस्टर रॉस’ म्हणा. धमकी नाही, मार नाही. आणि मुलांना ते चक्क आवडतं! मग घोषणा, सलाम, सभासद-कार्डं. काही कार्डांवर लाल फुली. त्यांनी नियम मोडणाऱ्यांची नावं सरांना कळवायची.

मला चटका लावला तो रॉबर्टने. वर्गातला ‘ढ’, जेवताना शेजारी कोणी न बसणारा. ‘वेव्ह’मध्ये सगळे सारखे, म्हणून तोही माणसांत येतो आणि शेवटी सरांचा बॉडीगार्ड होतो. प्रयोग संपतो तेव्हा सगळ्यांत जास्त त्याचंच जातं. (विरोध छापते ती लॉरी, शाळेच्या अंकाची संपादक. आमच्या संपादक मंडळाने नोंद घ्यावी!)

आपल्याकडे १९९९ पासून रॅगिंगविरोधी कायदा आहे. तरी फर्स्ट इयरला मी सिनिअर्ससमोर मान खाली घालून शर्टाच्या तिसऱ्या बटणाकडे बघत उभा राहिलोय. राग आला होता. पण दहा-बारा दिवसांनी त्यांनीच टपरीवर कटिंग पाजला, ‘आता तू आपला’ म्हणाले, आणि खरं सांगतो, घर सोडल्यापासून इतकं बरं कधी वाटलं नव्हतं. पुढच्या वर्षी एका ज्युनिअरला मीच म्हणालो, ‘तिसरं बटण.’ वाटलं, आपण ह्याला आपल्यात घेतोय.

तो आता थर्ड इयरला आहे. मेसमध्ये भेटतो, बोलतो, पण नजर अजून माझ्या डोळ्यांपर्यंत येत नाही. पुस्तक मी त्याला वाचायला दिलंय. अजून परत आलेलं नाही.